१९६७ची मस्टँग फास्टबॅक नेवाडातील नव्वद मैलांच्या रस्ता-शर्यतीसाठी कशी सज्ज करावी?

डोंगरवाट (फीनिक्स, ॲरिझोना)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे गेली काही वर्षे १९६७ सालची फोर्ड मस्टँग फास्टबॅक (छप्पर मागे शेवटपर्यंत उतरत जाणारी) आहे. इंजिन २८९ घन इंचांचे, फोर-बॅरल कार्बोरेटरचे, म्हणजे कारखान्याने २२५ अश्वशक्तीचे म्हणून विकलेले. गिअरबॉक्स चार गिअरचा टॉपलोडर आहे, मागचे डिफरन्शिअल आठ इंची असून त्यात ३.५० चे क्राउन-पिनियन आहे (म्हणजे मागच्या चाकांच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्सकडून येणाऱ्या शाफ्टचे साडेतीन फेरे), पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक आहेत. पत्रा निरोगी आहे, गंज कुठेही नाही, आणि रोजच्या रस्त्यावर गाडी उत्तम चालते.

नेवाडा राज्यात १९८८पासून सिल्व्हर स्टेट क्लासिक चॅलेंज ही शर्यत भरते, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. लंड या छोट्या गावापासून हायकोच्या दिशेने जाणारा ३१८ क्रमांकाचा दुपदरी राज्यमार्ग त्या दिवशी रहदारीसाठी बंद ठेवतात आणि गाड्या एकेक करून नव्वद मैल सोडतात. प्रत्येकाने आपला सरासरी वेग आधीच जाहीर करायचा असतो; ताशी ९५ मैलांपासून पाच-पाचच्या पायऱ्यांनी गट वर चढत जातात आणि सर्वांत वर वेगमर्यादा नसलेला गट असतो. आपल्या गटात जो ठरलेल्या वेळेच्या सर्वांत जवळ पोहोचतो तो जिंकतो. माझा विचार ताशी ११० मैलांच्या गटात उतरण्याचा आहे आणि माझा धाकटा मेहुणा शेजारी बसून वेळ सांभाळणार आहे.

माझे प्रश्न असे. इंजिनातून आणखी शंभर अश्वशक्ती काढावी लागेल का, आणि काढायची झाल्यास सिलिंडरची डोकी बदलावीत की कॅमशाफ्ट? माझ्या अंदाजाने ११० ची सरासरी राखण्यासाठी बराचसा रस्ता ताशी १२० ते १२५ मैलांनी कापावा लागेल. त्या वेगाला हा गिअरबॉक्स आणि हे डिफरन्शिअल टिकेल का? पुढचे मूळ सस्पेन्शन पूर्ण काढून, शॉक टॉवर (पुढच्या चाकांवरचे, स्प्रिंगचा भार घेणारे पत्र्याचे उंच खांब) कापून, मस्टँग टू या नंतरच्या गाडीच्या पद्धतीचा तयार संच बसवावा असे येथील एका कार्यशाळेने सुचवले आहे. त्याविषयी तुमचे मत काय? गाडीचे जुने रूप शक्य तितके टिकावे अशी माझी इच्छा आहे, परंतु सुरक्षिततेसाठी ते सोडावे लागले तर माझी तयारी आहे.

चाकजोड (ॲन आर्बर, मिशिगन)

नमस्कार. माझे नोकरीतले आयुष्य गाड्यांच्या सस्पेन्शनवर गेले असल्याने मी त्याच बाजूने उत्तर देतो, आणि तुमच्या प्रश्नांचा क्रम बदलून देतो. तुम्ही इंजिनापासून सुरुवात केली आहे, पण या शर्यतीची गाडी टायरपासून वर बांधत जावी लागते. ताशी १२० मैल म्हणजे सेकंदाला १७६ फूट. पाऊण तास त्या वेगाने धावताना गाडीने सरळ राहणे, थंड राहणे आणि सांगितल्याक्षणी थांबणे ही तीन कामे केली, तर २२५ अश्वशक्ती तुमच्या गटाला पुरेशी आहे.

प्रथम टायर. कडेवर आकारमानानंतर जे अक्षर असते ते वेगाची मर्यादा सांगते: एस म्हणजे ताशी ११२ मैल, टी म्हणजे ११८, एच १३०, व्ही १४९ आणि डब्ल्यू १६८. जुन्या गाड्यांना शोभणारे, पांढऱ्या अक्षरांचे चौदा-पंधरा इंची रेडियल टायर बहुतेक एस किंवा टी दर्जाचे असतात. ते तुमच्या गटाच्या वेगाच्या काठावर येतात, आणि अशा काठावर पाऊण तास राहण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. व्ही किंवा त्याहून वरचा दर्जा हवा असेल तर बहुधा सोळा किंवा सतरा इंची रिम घ्यावी लागेल. रूपात जो काही फरक पडेल तो स्वीकारावा. टायर केव्हा बनला हेही पाहावे. कडेवरील सांकेतिक ओळीच्या शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, म्हणजे २३१९ असे असेल तर तो २०१९च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. नक्षी पूर्ण शिल्लक असलेला पण जुना झालेला टायर गॅरेजमध्ये नवाकोरा दिसतो, आणि रबराचे थर नेमके तापल्यावरच सुटतात.

आता पुढचे सस्पेन्शन. शॉक टॉवर कापू नका, असे मी ठामपणे सांगतो. या गाडीला स्वतंत्र चेसिस नाही. पुढच्या स्प्रिंगचा सगळा भार चाक धरणाऱ्या वरच्या कंट्रोल आर्मवरून शॉक टॉवरमध्ये आणि तेथून बोनेटच्या मागच्या आडव्या भिंतीत जावा, अशी तिची रचना आहे. टॉवर कापले की तोच भार खालच्या दोन लांब पोकळ दांड्यांवर येतो आणि त्या मुळात त्यासाठी बनवलेल्या नाहीत. इंजिनाभोवती जागा मोकळी करण्यासाठी तो संच उपयोगी असेल, पण वेगासाठी मूळ रचना सुधारणेच शहाणपणाचे आहे. ती कशी सुधारावी हे फोर्डमधील अभियंता क्लाउस आर्निंग यांनी त्या काळातच दाखवून दिले होते आणि १९६५च्या शेल्बी जीटी ३५० या मस्टँगच्याच शर्यती-रूपात ते अमलात आले. वरच्या कंट्रोल आर्मचा आतला आधार सुमारे एक इंच खाली घेतला की वळणावर गाडी कलताना बाहेरचे चाक उलट्या बाजूला झुकण्याऐवजी रस्त्याला धरून राहते. खर्च म्हणाल तर चार भोके आणि एका दुपारची मेहनत. १९६७च्या सांगाड्यासाठी भोकांचा साचा वेगळा मिळतो, तोच वापरावा. जोडीला दोन्ही टॉवर मागच्या भिंतीला बांधणारा एकसंध एक्स्पोर्ट ब्रेस आणि टॉवर एकमेकांना जोडणारी आडवी दांडी बसवावी, कारण वयोमानाने हे टॉवर आत झुकतात आणि मग अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, कितीही नीट केले तरी टिकत नाही.

या गाडीतला एक भाग मी तुम्हाला हातात घेऊन पाहायला सांगेन. खालचा कंट्रोल आर्म एकाच बिंदूवर टेकलेला असतो आणि त्याला पुढे-मागे जाण्यापासून रोखण्यासाठी एक तिरकी स्ट्रट रॉड पुढे जाते. तिच्या टोकाशी रबराच्या दोन जाड चकत्या असतात. त्या चकत्या बोटाने दाबून पाहा. पन्नास वर्षांचे रबर एक तर दगडासारखे झालेले असते किंवा चिरून अर्धे गळालेले असते. जोरात ब्रेक दाबल्यावर चाक या रबरात मागे सरकते, त्याबरोबर कास्टर, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा पुढे-मागे कल, बदलतो, आणि दोन्ही बाजूंचे रबर सारखे नसेल तर गाडी एका बाजूला ओढते. साठ मैलांना जे जेमतेम जाणवते, ते एकशे वीसला गाडी दुसऱ्या मार्गिकेत नेऊ शकते. निदान नव्या चकत्या, आणि शक्य असेल तर गोलाकार सांध्याची समायोज्य स्ट्रट रॉड घ्यावी. तिच्यामुळे कास्टरही हवा तसा लावता येतो.

अलाइनमेंटचे आकडे देताना एक सूचना करतो. सर्किटवर धावणाऱ्या मित्रांकडून उणे अडीच अंश कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) वगैरे आकडे मिळतील. ते येथे घेऊ नयेत. सर्किटवर गाडी सतत वळत असते, येथे ती बहुतांश वेळ सरळ धावते, आणि इतक्या झुकलेल्या चाकाची आतली कड सलग पाऊण तास भार वाहून तापत राहते. उणे पाऊण ते एक अंश कॅम्बर पुरे. कास्टर मात्र कारखान्याच्या काळातल्या आकड्यापेक्षा बराच वाढवून किमान धन तीन अंश करावा. हात सोडले तरी धावती सायकल ज्या कारणाने सरळ राहते, त्याच कारणाने ही गाडीही राहील. टो (वरून पाहता चाकांची पुढची बाजू किती आत किंवा बाहेर वळलेली आहे ते) किंचित आत, म्हणजे एकूण एक अष्टमांश इंचापर्यंत असावा. गाडी खाली घेतली असेल तर स्प्रिंग काढून, चाक वर-खाली हलवत टो किती बदलतो तेही मोजावे. उंचवट्यावरून जाताना चाकाने आपल्या मनाने दिशा बदलणे या वेगाला अजिबात खपत नाही.

शेवटी वाऱ्याविषयी. फास्टबॅकचा आकार देखणा आहे, परंतु पुढच्या मोठ्या तोंडातून आत शिरलेल्या हवेला बाहेर पडायला वाट नसते, आणि ती नाक वर उचलते. पुढची बाजू मागच्यापेक्षा किंचित खाली ठेवावी आणि बंपरखाली साधा हवारोधक पट्टा बसवावा. त्याने नाकाखाली शिरणारी हवा कमी होते आणि रेडिएटरमागचा दाब घटून इंजिनही थंड राहते. बोनेटला दोन पिना लावाव्यात. जुन्या एकट्या कुलपावर एकशे वीसच्या वाऱ्याचा भरवसा ठेवू नये.

फिरताआस (पुणे)

वरील उत्तर वाचून फार समाधान झाले. माझे काम चाकणजवळच्या एका कारखान्यात प्रॉपेलर शाफ्ट आणि एक्सलच्या चाचण्यांचे असल्यामुळे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकापर्यंतचा भाग मी घेतो.

टायरचा व्यास २६ इंच धरला तर ३.५० च्या क्राउन-पिनियनवर चौथ्या गिअरमध्ये, म्हणजे एकास एक प्रमाणात, ताशी ११० मैलांना इंजिन मिनिटाला सुमारे ४९७५ फेरे घेईल आणि १२० मैलांना ५४२८. तुमच्या इंजिनाची २२५ अश्वशक्ती ४८०० फेऱ्यांवर मोजलेली आहे, म्हणजे तुम्ही ते शक्तीच्या शिखराच्या पलीकडे नेऊन तेथेच पाऊण तास धरून ठेवणार. एखादे निरोगी इंजिन हे सोसेलही, पण व्हॉल्व्हच्या जुन्या स्प्रिंगा आणि तेलाचे तापमान यांची परीक्षा त्यात विनाकारण होते. कॅमशाफ्ट बदलण्यासाठी राखून ठेवलेले पैसे पाच गिअरच्या टी-५ गिअरबॉक्सकडे वळवावेत असे मी म्हणेन. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या पाच लिटरच्या मस्टँगमध्ये जो टी-५ येत असे, त्याचा पाचवा गिअर ०.६८ चा आहे. त्यावर ११० मैलांना इंजिन फक्त ३३८३ फेऱ्यांवर येईल. मूळ स्थितीतल्या २८९ला हा गिअरबॉक्स पुरेसा मजबूत आहे. इंजिन बरेच वाढवायचे ठरले तर मात्र त्याहून दणकट पर्याय पाहावा लागेल.

यापुढचा मुद्दा बहुतेक जण विसरतात. पाचवा गिअर टाकला की इंजिन शांत होते, चालकाला वाटते की सगळी गाडीच शांत झाली. प्रॉपेलर शाफ्टला मात्र त्याचा काहीही लाभ होत नाही. त्याचा वेग फक्त टायरचा व्यास आणि क्राउन-पिनियन यांवर ठरतो. १२० मैलांना तो ५४२८ फेरेच घेणार, गिअरबॉक्स कोणताही असो. प्रत्येक शाफ्टची लांबी, व्यास आणि धातू यांनुसार एक मर्यादा असते, जिच्याजवळ तो धनुष्यासारखा वाकू लागतो, आणि त्या मर्यादेच्या आसपास त्याला फिरवत ठेवणे धोक्याचे असते. गिअरबॉक्स बदलताना शाफ्टची लांबी बदलेलच; त्याच वेळी तो नवा बनवून घ्यावा आणि संतुलन करणाऱ्याला प्रत्यक्ष फेरे किती असतील ते लिहून द्यावे, कारण अनेक ठिकाणी संतुलन याच्या निम्म्या वेगाला तपासून शाफ्ट हातात दिला जातो. दोन्ही क्रॉसचे (शाफ्टच्या टोकांच्या सांध्यांचे) कोन परस्परांना समान आणि विरुद्ध असावेत, एक ते तीन अंशांच्या दरम्यान. शिवाय पुढच्या क्रॉसपासून सहा इंचांच्या आत शाफ्टभोवती पोलादी कडे बसवावे. पुढचा क्रॉस तुटला तर शाफ्टचे ते टोक रस्त्यावर आपटते, आणि धावत्या गाडीला उचलून फेकण्याइतकी ताकद त्या आपटण्यात असते.

क्राउन-पिनियन ३.५० चे ठेवावे की ३.०० चे करावे, हा निवडीचा प्रश्न आहे. ३.०० वर शाफ्टचा वेग १२० मैलांना ४६५२ पर्यंत उतरतो आणि चौथ्या गिअरमध्येही ११० मैलांना इंजिन ४२६५ फेऱ्यांवर राहते. गिअरबॉक्स बदलायचा नसेल तर एवढ्या एका बदलाने गाडी शर्यतीच्या लायक होते, आणि जुने रूपही शाबूत राहते. तुमच्या जागी मी असतो तर हाच मार्ग धरला असता. ३.०० आणि ०.६८ असे दोन्ही एकत्र मात्र करू नये. मग इंजिन शक्तीच्या पट्ट्याच्या फार खाली जाईल आणि चढावर पाचवा गिअर निरुपयोगी ठरेल.

आठ इंची डिफरन्शिअल काढून नऊ इंची घालण्याचा आग्रह तुम्हाला अनेकजण करतील. नऊ इंची अधिक दणकट आहे यात वाद नाही. पण डिफरन्शिअल मोडते ते प्रामुख्याने उभ्या स्थितीतून झटका देऊन सुटताना, आणि येथे तसा झटका देण्याची गरज नसते. आठ इंचीतही चाकाचा एक्सल बाहेरच्या टोकाला बेअरिंगच्या तबकडीने धरलेला असतो. काही समकालीन गाड्यांत तो आतल्या टोकाच्या एका छोट्या क्लिपने धरतात, आणि एक्सल तुटला की चाक एक्सलसकट बाहेर येते. तुमच्या गाडीत ती भीती नाही. नवी बेअरिंगे, नवे सील, ताजे तेल आणि हवा सोडणारी नळी मोकळी असल्याची खात्री, एवढे करावे.

डोंगरवाट

दोघांचेही मनापासून आभार. शॉक टॉवर कापण्याचा विचार सोडून दिला आहे आणि ३.०० चे क्राउन-पिनियन शोधायला सुरुवात केली आहे. स्ट्रट रॉडच्या चकत्या काल पाहिल्या. उजवीकडची चांगली आहे आणि डावीकडची हाताने तुकडे पडावेत इतकी कुजली आहे. आता ब्रेक, कूलिंग आणि सुरक्षिततेच्या साधनांविषयी कोणी मार्गदर्शन केले तर बरे होईल.

मोकळारस्ता (फ्रिमाँट, कॅलिफोर्निया)

मी जुन्या गाड्यांच्या एका क्लबात तांत्रिक तपासणीचे काम करतो, म्हणून सुरुवात तपासनीस ज्याकडे सर्वांत आधी पाहतो तिथून करतो. तुमच्या मस्टँगची पेट्रोलची टाकी ही वेगळी पेटी म्हणून डिकीखाली टांगलेली नसते. ती डिकीच्या तळाला पाडलेल्या मोठ्या भोकात वरून सोडलेली असते आणि तिचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ असतो. मागून जोराची धडक बसली तर टाकी फुटून पेट्रोल थेट डिकीत येते, आणि डिकी व प्रवासी यांच्यामध्ये मागच्या सीटची पाठ सोडून अडथळा असा काही नसतो. फास्टबॅकमधली मागची सीट दुमडणारी असेल तर तो आडोसाही नावापुरताच. मागच्या सीटच्या पाठीमागे बाजूंना वेल्ड केलेला किंवा रिव्हेटने घट्ट बसवलेला पोलादी पडदा घालावा, त्याच्या कडा अग्निरोधक लेपाने बंद कराव्यात, आणि खर्च झेपत असेल तर फेस भरलेली रबरी पिशवीची शर्यतीची टाकी बसवावी. या एका कामाला मी इतर सर्व सुधारणांच्या वर ठेवतो, आणि शर्यतीत उतरायचे नसले तरी हे काम करून घ्यावे असे या पिढीच्या मस्टँगच्या प्रत्येक मालकाला सांगत असतो.

रोल बार, पाच किंवा सहा पट्ट्यांचे बेल्ट, हेल्मेटचा दर्जा, अग्निरोधक कपडे, अग्निशामक, या सगळ्यांची सक्ती गटानुसार बदलते. चालू वर्षाची नियमावली घेऊन एकेक कलम तपासावे. नियमात नसले तरी रोल बार घालाच, कारण १९६७च्या छपराला तोलून धरणारे खांब फार बारीक आहेत. बेल्टचे खांद्यावरचे पट्टे रोल बारच्या आडव्या दांडीला, खांद्याच्या उंचीच्या जवळपास बांधावेत. ते मागच्या तळाला खाली बांधले तर धडकेत पाठीचा कणा दाबला जातो.

ब्रेकचे गणित सोपे पण धाक घालणारे आहे. वेग दुप्पट झाला की डिस्कने पचवायची ऊर्जा चौपट होते. या मार्गावर ब्रेक क्वचितच लागतो, आणि म्हणूनच जेव्हा लागतो तेव्हा थंड ब्रेकवर एकदम पूर्ण भार येतो. नेवाडाच्या त्या भागात कुरणांना सर्वत्र कुंपण नाही. रस्त्यावर गुरे किंवा हरणे येऊ शकतात. १९६७च्या मूळ डिस्क ब्रेकचे चार पिस्टनांचे कॅलिपर चांगले आहेत, फक्त ते आतून गंजतात, तेव्हा स्टेनलेसच्या बाह्या घालून दुरुस्त केलेले घ्यावेत. मागचे ड्रम या गटापुरते चालतील. सर्व रबरी नळ्या बदलाव्यात. ब्रेक ऑइल ताजे डॉट ४ भरावे. त्याचा उत्कलनबिंदू कोरड्या स्थितीत किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण ओलावा शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. म्हणून शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात ते बदललेले असावे, मागच्या वर्षीचे चालणार नाही.

कूलिंगविषयी. शहरात गाडी तापत नाही म्हणून वेगातही तापणार नाही, असे समजू नये. वेगात हवा भरपूर असते, मात्र तिला रेडिएटरला वळसा घालून जायची वाट मिळाली तर ती तीच धरते. रेडिएटर आणि पुढचा पत्रा यांमधल्या सगळ्या फटी रबराने किंवा ॲल्युमिनियमच्या पट्टीने बंद कराव्यात. खालच्या होजमध्ये तारेची स्प्रिंग आहे का ते पाहावे. ती नसेल तर जास्त फेऱ्यांवर पंपाच्या ओढीने होज चपटा होतो आणि पाणी थांबते. लवचिक पात्यांचा पंखा असेल तर तो आजच काढावा, कारण जास्त फेऱ्यांवर त्याचे पाते तुटून बोनेट फाडून बाहेर आल्याचे प्रकार घडलेले आहेत. गरजेनुसार आपोआप जोडला जाणारा क्लचचा पंखा आणि भोवती पूर्ण घेर असलेले कवच हे उत्तम. तेलासाठी थर्मोस्टॅट असलेला कूलर बसवावा. मूळ डॅशबोर्डच्या काट्यांवर आकडेच नाहीत, तेव्हा तेलाचा दाब, तेलाचे तापमान आणि पाण्याचे तापमान दाखवणारे आकड्यांचे तीन मापक खाली पट्टीवर लावावेत. मूळ डॅशला हात न लावता ते बसतात.

कार्बोरेटरचे एक सांगायचे राहिले. फीनिक्स अकराशे फुटांच्या आसपास आहे आणि शर्यतीची सुरुवात पाच हजार फुटांहून वर होते. दर हजार फुटांना साधारण तीन टक्के शक्ती कमी होते आणि मिश्रण घट्ट होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल वाढते. जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोलची छिद्रे) लहान करण्याचा मोह होईल. पण मार्ग शेवटाकडे बराच खाली उतरतो, आणि वरच्या हवेसाठी पातळ केलेले मिश्रण तेथे पोहोचेपर्यंत आणखी पातळ होते. पूर्ण भारावर पातळ मिश्रणाने पिस्टन जळतात, घट्टपणाने फक्त थोडे पेट्रोल वाया जाते. जेट शेवटच्या उंचीला धरून ठरवावेत.

घटकापळे (ऑस्टिन, टेक्सस)

मी अशा शर्यतींत शेजारच्या सीटवर बसतो, म्हणून तुमच्या मेहुण्यांसाठी थोडे लिहितो. मूळ प्रश्नातला एक अंदाज दुरुस्त केला तर गाडीवरचा बराच ताण आपोआप हलका होईल. ११० च्या सरासरीसाठी १२० ते १२५ धावण्याची गरज नाही, शिवाय वेगमर्यादा नसलेला गट सोडला तर प्रत्येक गटाला कमाल वेगाची एक वरची मर्यादा असते आणि ती ओलांडली की बाद व्हावे लागते.

नव्वद मैल ताशी ११० ने म्हणजे ४९ मिनिटे ५.४५ सेकंद. आता समजा, थांबलेल्या स्थितीतून वेग घेताना दहा सेकंद गेले. शिवाय मार्गात नॅरोज नावाचा खडकांच्या अरुंद खिंडीतला वळणांचा भाग आहे. तेथे तीन मैल तुम्ही ९० ने गेलात असे धरले तर आणखी सुमारे बावीस सेकंद गेले. हे सगळे बत्तीस सेकंद उरलेल्या सत्त्याऐंशी मैलांवर पसरले तर तुम्हाला त्या मैलांत ताशी १११.२ मैल वेग राखावा लागतो. एवढेच. नॅरोजमध्ये धाडस करून जे मिळते ते सरळ रस्त्यावर ताशी एका मैलाहूनही कमी वाढीने मिळते, म्हणून पहिल्या वर्षी तेथे वेग मोकळेपणाने कमी करावा. हवेचा विरोध मोडण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, तेव्हा १११ आणि १२५ यांच्यात चाळीस टक्क्यांहून थोडा अधिक फरक आहे. वेग कमी ठेवल्याने उष्णता आणि पेट्रोलही बरेच वाचते.

मूळ स्पीडोमीटर तारेवर चालतो आणि टायर व क्राउन-पिनियन बदलल्यावर तो खोटे सांगू लागेल. टॉपलोडर गिअरबॉक्सच्या शेपटातले, स्पीडोमीटरची तार फिरवणारे छोटे प्लास्टिकचे चक्र योग्य दातांचे बदलून घ्यावे आणि तरीही अंतिम भरवसा रस्त्याकडेच्या मैलदर्शक पाट्या आणि स्टॉपवॉच यांच्यावरच ठेवावा. जीपीएस वापरण्यास नियमाने मुभा असेल तर उत्तम, पण खिंडीत त्याचा आकडा क्षणभर अडखळू शकतो. मेहुण्यांनी आधी एकदा संपूर्ण मार्ग कायदेशीर वेगाने फिरून प्रत्येक पाटी, प्रत्येक चढ आणि वळणाची दिशा वहीत उतरवावी. मग प्रत्येक पाटीसमोर अपेक्षित वेळ लिहावी: ११० ला एक मैल ३२.७३ सेकंदांचा, दहा मैल ५ मिनिटे २७.३ सेकंदांचे. त्या कोष्टकात सुरुवातीची तूट पहिल्या दहा मैलांत भरून काढण्याचा प्रयत्न करू नये. ती शेवटपर्यंत हळूहळू वाटून टाकावी. गाडी चालवताना तुम्हाला त्यांनी सेकंद सांगू नयेत, वेगाबद्दल फक्त "एक मैल वर" किंवा "अर्धा मैल खाली" एवढेच सांगावे, आणि तेही वळण सुरू होण्याच्या आधी. हेल्मेटमध्ये आणि उघड्या एक्झॉस्टच्या आवाजात बोलणे ऐकू येत नाही, तेव्हा इंटरकॉम घ्या आणि तो फीनिक्सच्या हायवेवर खिडक्या उघड्या ठेवून आधी तपासून पाहा.